चमच्यामागचा शिक्का

भगिनींनो, या आठवड्यात वाणगावहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे घोलवडकडच्या एका चिकूच्या वाडीवर दिवाणजी होते. काम सोडताना पारशी मालकिणीने त्यांना एक लाकडी पेटी दिली. आत मखमलीच्या खाचांत बारा चमचे नि बारा काटे. सासूबाईंनी ती जन्मभर फडताळात जपली, वापरली मात्र एकदाही नाही. आता सासूबाई गेल्या. थोरल्या जाऊबाई म्हणतात, "मोडीत देऊ आणि माझ्या लेकीला रुखवतात चांदीचे ताट-वाटी करू." धाकटी विचारते, "भांडण नको, पण पेटी मोडवतही नाही. काय करू?"

ताई, सराफाकडे जाण्याआधी एक चमचा खिडकीपाशी न्या, पालथा करा आणि भिंगातून बघा. तुम्ही लिहिता, दांड्यामागे शिरस्त्राण घातलेल्या बाईचे इवलेसे मुंडके आहे नि शेजारी शंकरपाळ्याच्या आकाराचा ठसा. हे वाचून मी सरसावून बसले! ती बाई म्हणजे मिनर्व्हा, रोमन लोकांची विद्येची देवता. १८३८ पासून फ्रान्समध्ये अस्सल चांदीवर हा सरकारी शिक्का मारू लागले. मुंडक्याजवळ १ आकडा असेल तर हजारात ९५० भाग चांदी, २ असेल तर ८००. शंकरपाळे ही कारागिराची खूण.

शंकरपाळ्याऐवजी चौकोनी ठसा असेल, तर मात्र तो बहुधा मुलामा समजा. पॅरिसच्या क्रिस्तोफ्ल कंपनीने १८४२ मध्ये विजेने चांदी चढवण्याचे हक्क घेतले आणि असे चमचे घराघरांत पोचवले. त्यावर ८४ सारखा आकडा दिसला तर हुरळू नका. तो शुद्धतेचा नव्हे, मुलाम्याला किती चांदी लागली याचा. मोडीत त्याचे फारसे काही येत नाही. आणि जर्मन सिल्व्हरमध्ये तर नावापुरतीच चांदी! ते तांबे, जस्त नि निकेल यांचे मिश्रण.

चांदी अस्सल ठरली तरी लगेच तराजूत टाकू नका. माझीच चूक सांगते. आमच्या घरी असाच सूप वाढायचा एक जुना डाव होता. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी तो मोडीत दिला. वजन झाले, घट कापली, हाती पैंजण आले. पैंजण कधीच झिजले. डावाच्या मागे कोरलेली दोन अक्षरे मात्र अजून डोळ्यांपुढे येतात. ती कुणाची, हे सांगणारे आता कुणी उरले नाही.

आपणही भांड्यांवर नाव घालतोच की! फ्रेंच घरांत चमचे-काटे मेजावर पालथे मांडायची रीत, म्हणून अक्षरे मागे कोरलेली. जुन्या वस्तू जमवणारे लोक शिक्का, कारागीर, ही अक्षरे आणि संच पुरा आहे का, हे सारे पाहून किंमत ठरवतात. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३० नंतरच्या दशकात आपल्या माणिकबाग राजवाड्यासाठी पॅरिसच्या प्युइफोर्काकडून चांदीची भांडी घडवून घेतली होती. १९८० मध्ये त्या राजवाड्यातले बरेच सामान मोनॅकोत लिलावाला निघाले. तिथे काय कुणी मोडीच्या भावाने बोली लावली असेल? आपली पेटी राजवाड्यातली नाही, पण नियम तोच.

आता करायचे काय ते सांगते :

१. शुद्धता तपासताना कानस लावू देऊ नका. हल्ली यंत्रावर ओरखडा न काढता तपासता येते.

२. राख, रांगोळी, तारेची घासणी अगदी वर्ज्य. ठसे आणि अक्षरे झिजतात. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ सुती फडके पुरे.

३. धुऊन लगेच कोरडे करा. किनाऱ्याकडची हवा दमट, म्हणून पेटीत दोन खडू ठेवा. रबराने चमचे बांधू नका. रबरात गंधक असते, चांदी काळी पडते. अंड्याचा चमचाही तसाच ठेवू नका.

४. सहा-सहाचे वाटे करू नका. मोडीचा भाव आणि जुन्या वस्तू घेणाऱ्याने सांगितलेला भाव, दोन्ही लिहून घ्या. एकीने पेटी ठेवावी, दुसरीला निम्मे पैसे द्यावे.

आणि ताई, एक सुचवू? तुमचा हक्काचा वाटा सोडा असे मी म्हणत नाही. पण हिशेब आपसात मिटत असेल, तर पुतणीच्या रुखवतात पेटीच जशीच्या तशी मांडा. ताट-वाटी कोणत्याही पेढीवर मिळते. फक्त आत एक चिठ्ठी ठेवा : पेटी कुणी दिली, कुणाला दिली, कोणी जपली. जाऊबाईंना शेजारी बसवून दोघींनी मिळून लिहा. माझ्या डावाला तेवढी चिठ्ठी नव्हती.