नाव विरळ असावे, अनोळखी नसावे

मुलगी जन्मली की घरात पहिली चर्चा नावाची होते आणि अलीकडे त्या चर्चेला एकच अट असते : नाव वेगळे हवे. कोपरखैरण्यात आमच्या शेजारीपाजारी जी नामकरणे झाली, त्यांत ही अट आम्ही वारंवार ऐकली. मग मोबाईलवरच्या याद्या चाळल्या जातात, आईच्या नावाचे एक अक्षर आणि वडिलांच्या नावाचे एक अक्षर जोडून तिसरेच काही घडवले जाते. परिणाम असा की, बालवाडीच्या हजेरीत ही सगळी वेगळी नावे एका सुरात ऐकू येतात : अन्वी, अनया, अन्विता, अनाया. बाईंचाही गोंधळ उडतो. अर्थ विचारला तर आईवडील एकमेकांकडे पाहतात.

आमचे मत असे की, मुलीचे नाव विरळ असावे, परंतु अनोळखी नसावे. आजीच्या तोंडी ते सहज बसावे, लिहिताना कारकुनाने अडखळू नये, आणि तरीही वर्गात त्या नावाची ती एकटीच असावी.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न असता, तर स्मरणिकेची पाने त्यासाठी अडवली नसती. आपल्या समाजाला नाव फुकट मिळालेले नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कोणत्या वर्णाचे नाव कसे असावे याचा नियम आहे. ब्राह्मणाचे मंगल, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे तिरस्कारदर्शक. ज्यांना वर्णाच्याही बाहेर ठेवले, त्यांच्या वाट्याला काय येणार? आपल्या पणज्यांची नावे आठवावीत : धोंडी, दगडी, कचरी. जन्मलेली मुले जगत नाहीत म्हणून, दृष्ट लागू नये म्हणून अशी नावे इतर जातींतही ठेवीत, हे खरे. पण त्यांच्याकडे धोंडीच्या शेजारी एखादी लक्ष्मी, एखादी सरस्वती नांदत असे. आपल्याकडे धोंडीच्या शेजारी दगडीच असे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला, त्यात नावाचाही हा हिशेब होता.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर घराघरांत सुजाता, गौतमी, यशोधरा, संघमित्रा आल्या. त्या पिढीने नावे निवडताना वेगळेपणाचा विचार केला नव्हता. हाताशी आलेला नवा वारसा तिने मुलींना देऊन टाकला. वसतिगृहात एकाच खोलीत तीन सुजाता असत आणि त्यांना गावांवरून ओळखावे लागे, याची आठवण अनेक माजी विद्यार्थिनींना असेल. या नावांबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण त्या वारशाचे दार एवढेच उघडे आहे, असे समजणे चूक ठरेल.

आमच्या या उपनगरात माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे आणि त्यांतील कितीतरी कुटुंबे मूळची सातारा जिल्ह्यातील. त्याच जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये 'नकोशी' या नावाने वाढलेल्या पावणेतीनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली. वैशाली हे नाव आपल्या कानांना किती सवयीचे आहे! आमच्या पिढीत प्रत्येक वर्गात एक वैशाली होती. आज बालवाडीत शोधूनही सापडत नाही. ज्या नगरीत महाप्रजापती गौतमीच्या आग्रहापुढे स्त्रियांना संघाचे दार खुले झाले, ती ही वैशाली. नकोशीने घ्यावे असे याहून समर्पक नाव आम्हांला सुचत नाही. तिला ते ठाऊक होते की नव्हते, याने फारसे बिघडत नाही.

अशी नावे थेरीगाथेत पानोपानी आहेत. सोमा घ्या. स्त्रीची बुद्धी ती केवढी, असे मार तिला हिणवतो तेव्हा, चित्त स्थिर झाल्यावर स्त्रीपणाचा प्रश्न येतोच कुठे, असे ती त्याला विचारते. दोन अक्षरांचे नाव, उच्चाराला सोपे आणि आज जवळजवळ कोणाचेच नाही. पुण्णिका ही अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी. कडाक्याच्या थंडीत नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती सांगते की, पाण्याने शुद्धी होत असती तर मासे आणि कासवे आधी स्वर्गाला गेली असती. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्या समाजाला ही बाई परकी वाटू नये. 'पूर्णिका' असे मराठी रूप केले तरी चालेल.

आणि मुक्ता! उखळ, मुसळ आणि वाकडा नवरा या तिन्हींतून सुटल्याचा आनंद सांगणारी ती थेरी. पुढे ज्ञानेश्वरांची बहीण मुक्ताबाई. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांचे दुःख मांडणारी, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे. 'मिटलेली कवाडे' लिहिणाऱ्या मुक्ता सर्वगोड. एवढ्या बायका ज्या नावामागे उभ्या आहेत, ते नाव आज बारशाला कोणी उच्चारत नाही, याचे आम्हांला नवल वाटते.

रोहिणी हीदेखील एक थेरी. नक्षत्राचे नाव असलेल्या मुलीशी विवाह करू नये असे मनुस्मृती सांगते. तेवढ्यासाठी तरी एखादीचे नाव रोहिणी ठेवावे, असे आम्हांला कधीकधी वाटते.

मात्र पटाचारा, उप्पलवण्णा ही नावे कितीही थोर असली, तरी ती मुलीला देण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही. आपल्या अभिमानासाठी लेकीला जन्मभर स्वतःचे नाव दुरुस्त करून सांगत बसायला लावणे बरे नव्हे. खुज्जुत्तरेतून 'उत्तरा' घ्यावे, खेमा जशीच्या तशी घ्यावी.

याहून अवघड प्रश्न दुसरा आहे. बौद्ध नाव ठेवले की जात ओळखली जाते, भाड्याने घर मिळताना, मुलाखतीला बसताना अडचण येते, मग मुलीवर हे ओझे कशाला, असे तरुण आईवडील विचारतात. या भीतीची थट्टा आम्ही करणार नाही. ती अनुभवातून आलेली आहे. पण ज्याला जात शोधायचीच असते, तो आधी आडनाव विचारतो आणि तेवढ्याने भागले नाही तर गाव विचारतो. पहिल्या नावाने लपवून लपवणार किती? शिवाय सोमा, मुक्ता, उत्तरा ही नावे कोणाच्या अंगावर धावून जात नाहीत. ज्याला ठाऊक आहे त्याला ती कळतात, इतरांना नुसती गोड वाटतात. मुलगी मोठी झाली की आपल्या नावाची कथा कोणाला सांगायची, हे तिचे तीच ठरवील. राशीचे अक्षर काढून नाव शोधणाऱ्या बौद्ध घरांबद्दल मात्र आम्हांला एवढी सहानुभूती वाटत नाही. विहारात त्रिशरण-पंचशील घ्यायचे आणि अक्षर पंचांगाचे, हा कुठला मेळ?

घाई करण्याचेही कारण नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण त्या नोंदीत मुलीचे नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क भरता येते. तेवढ्या अवधीत थेरीगाथेचा मराठी अनुवाद सावकाश वाचून होतो. एक-दोन नावे घरात महिनाभर हाक मारून पाहावीत; आजीच्या तोंडी जे रुळते ते टिकते. आणि निवडलेले नाव आईच्या नावाला जोडून मोठ्याने म्हणून पाहावे, कारण १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलीच्या नावानंतर लगेच तिच्या आईचे नाव येते, वडिलांचे त्यानंतर.