मोठी टाकी आणली, तरी मासा का गेला?

बेलवलीत आमच्या खालच्या मजल्यावर एक ऑस्कर मासा होता. दोन इंचांचा असताना आणलेला. तीन वर्षांत दहा इंचांचा झाला आणि दोन फुटी टाकीत त्याला नीट वळताही येईना. घरच्यांनी पैसे साठवून चार फुटी टाकी आणली. रविवारी सगळे कामाला लागले. जुना फिल्टर उघडून त्याचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला, खडे घासले, टाकी ताज्या पाण्याने भरली आणि माशाला जाळीत धरून तिकडे सोडले. दोन दिवस तो कोपऱ्यात तळाशी बसून राहिला. मग पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला. पाचव्या दिवशी गेला. आजींनी नजर लागली म्हणून सांगितले. त्यांच्या मुलाने मला जिन्यात गाठून विचारले, ‘‘काका, टाकी तर मोठी आणली होती. मग?’’

माझ्या मते तो मासा स्वच्छतेने मेला. आपल्याला पाणी काचेसारखे दिसले की ते चांगले वाटते. माशाचा हिशेब वेगळा असतो. मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो आणि हा अमोनिया त्याच्याच कल्ल्यांना जाळतो. चालू टाकीत तो साठत नाही, कारण फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. नायट्राइटही वाईटच, ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेते. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तपकिरी, बुळबुळीत, किळसवाणा दिसणारा तो स्पंज म्हणजे तीन वर्षांत जमलेला जिवाणूंचा कारखाना होता आणि तो क्लोरीनच्या पाण्याखाली धुऊन टाकला गेला.

जुना स्पंज न धुता, ओला ठेवून, तसाच नव्या टाकीच्या फिल्टरमध्ये बसवला असता, तर बहुधा मासा वाचला असता. त्याहून चांगले म्हणजे नव्या टाकीचा फिल्टर महिनाभर आधी आणून जुन्या टाकीत जुन्याच्या जोडीने चालवावा. जागा कमी पडते, पण चालते.

दुसरी गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. लहान टाकीत मोठा मासा दीर्घकाळ राहिला, की पाणी हळूहळू आम्ल होत जाते. आम्ल पाण्यात अमोनियाचे रूप फारसे विषारी नसते. पाण्याचा पीएच सात असेल, तर एकूण अमोनियाचा एक टक्क्याहूनही कमी भाग घातक रूपात असतो. पीएच आठ झाला की हा भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणजे जुन्या घाणीत तग धरणारा मासा ताज्या पाण्यात तितक्याच अमोनियाने मरू शकतो. म्हणून हलवण्याआधी तीन-चार आठवडे जुन्या टाकीतले थोडे थोडे पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलत जावे. मासा नव्या पाण्याला जुन्या घरातच सरावतो.

पाणी कोणते, हेही महत्त्वाचे. बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून पाणी उचलून, शुद्ध करून देते. त्यात क्लोरीन असतो आणि असायलाच हवा. तो आहे म्हणून आपण कावीळ-अतिसारापासून वाचतो. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की त्याचा वास जास्त जाणवतो. आपल्या पोटाला चालणारे हे प्रमाण कल्ल्यांना चालत नाही. पाणी पिंपात भरून हवेचा पंप लावून दिवसभर ठेवावे किंवा दुकानात मिळणारे अँटीक्लोरीन मापाने घालावे.

प्रत्यक्ष हलवण्याचा दिवस त्यामानाने सोपा असतो. आदल्या दिवशी खाणे बंद. जुन्या टाकीतले दोनतृतीयांश पाणी आधी काढून घ्यावे. जाळी वापरू नये. मोठा मासा तडफडतो, खवले निघतात, अंगावरचा चिकट संरक्षक थर जातो. झाकणाचा मोठा टब किंवा जाड पिशवी पाण्यात बुडवून त्याला आत सरकू द्यावे. दोन्हीकडचे तापमान एक-दोन अंशांच्या आत हवे. मग टबात नव्या टाकीचे पाणी तासभर थेंबथेंब सोडावे. (तासन्‌तास प्रवास करून आलेल्या पिशवीला हा नियम लावू नका. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. तिथे तापमान जुळवून मासा लवकर बाहेर काढावा.) नंतर दिवसभर दिवा बंद, टाकीवर झाकण. अरोवाना तर हमखास उडी मारतो. पुढचे दोन आठवडे खाणे निम्मे द्यावे आणि अमोनिया तपासायचे किट जवळ ठेवावे.

पाण्याच्या वजनाचा विचार मात्र टाकी घेण्याआधी करायला हवा. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत सुमारे 680 लिटर, म्हणजे 680 किलो पाणी मावते. काच, खडे, स्टँड वेगळे. चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये ती मधोमध मांडण्याआधी सोसायटीला आणि इंजिनीअरला विचारावे.

माझी तक्रार दुकानांविषयी आहे. दोन इंचांचा ऑस्कर विकताना तो फूटभर होतो आणि दहा वर्षे जगू शकतो, हे सांगायला किती वेळ लागतो? न सांगितल्याने मग ‘त्याला नदीत सोडून देऊ’ असा दयाळू विचार सुचतो. तो उल्हास नदीवर अन्याय आहे. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत येणारे सकर मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतले, शोभेच्या टाक्यांसाठी आणलेले. मासा पेलवत नसेल, तर मोठी टाकी असलेल्या माणसाला द्यावा.

खालच्या मजल्यावर ती चार फुटी टाकी सध्या बिनमाशाची चालू आहे. एका मित्राच्या टाकीतला मळका स्पंज तिच्या फिल्टरमध्ये बसवला आहे. रोज चिमूटभर खाणे टाकून, दर रविवारी किट लावून तो मुलगा आकडे वहीत लिहितो. आजींना अजून कळलेले नाही, की मासा नसलेल्या टाकीत खाणे कशाला टाकायचे.