संध्याकाळी तोंड हुंगू नका

तुमसरकडच्या एका भगिनीने विचारलंय, ‘मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलाय. आता मी काय करू?’

भगिनी, आधी दोन घास नीट जेवा. दारू तो पीत होता, पण झोप तुमची उडाली. उधारी तुम्ही फेडलीत, ‘तापाने निजलाय’ असे निरोप तुम्हीच धाडलेत. ही आईची सवयही हळूहळूच सुटते. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे, तो उगीच नाही. अल-अॅनॉन तर १९५१ पासून घरच्या माणसांसाठीच आहे. जवळ कुठे सभा भरते का, केंद्रात विचारा.

संध्याकाळी त्याचं तोंड हुंगू नका, खिसे चाचपू नका. नवी उधारी मात्र फेडणार नाही, हे शांतपणे एकदाच सांगा. कुणाचं ऐकून चहात चोरून गोळी तर मुळीच घालू नका. डायसल्फिराम पोटात असताना वरून दारू गेली, तर जिवावर बेतू शकतं.

खरी कसोटी मंडईची. दिवाळीनंतर पाहुणे जमले की आपल्याकडे बाटली निघतेच. यंदा आमच्या घरी चहा-चिवडाच, असा निरोप आधीच द्या. (जावई रुसले तर रुसू द्या, ते तसेही कशावरून तरी रुसतातच!)

आणि पुन्हा प्यायलाच, तर नशेत वाद नको. सकाळी बोला, केंद्राला कळवा. रोज पिऊन एकदम थांबल्यावर हात थरथरले, भास झाले किंवा झटका आला, तर घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा.