नोंद झाली, काम?

राज्य सरकारने 2025 मध्ये कार्यालयीन सुधारणांच्या शंभर दिवसांच्या मोहिमेपाठोपाठ दीडशे दिवसांचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यात ई-गव्हर्नन्सला मानाचे पान दिले. संकेतस्थळ, ‘आपले सरकार’, ई-ऑफिस, डॅशबोर्ड यांवर कार्यालयांना गुण मिळू लागले. सरकारी कर्मचारी संगणकाला नाक मुरडतो, हा समज मात्र कायम आहे. तो अर्धाच खरा आहे.

सातबारा पाहा. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आज 15 रुपयांत घरबसल्या मिळतो. सर्व्हर बंद पडण्याबद्दल तलाठ्यांनी कितीही बोटे मोडली, तरी ही व्यवस्था रुजली. कारण हस्तलिखित सातबारा बंद झाला. जुने ओझे उतरले, तेव्हाच नवे अंगवळणी पडले.

याउलट अंगणवाडी. 2021 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन कमी क्षमतेचे, दुरुस्तीचा भुर्दंड स्वतःच्या खिशाला आणि नोंदींसाठीचे ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत. त्याआधी हाती 11 नोंदवह्या होत्याच. ॲप आले म्हणून वह्या सुटतील, तर पर्यवेक्षिका तपासणीला आल्यावर वहीच मागणार! पुढे 1 जुलै 2025 पासून घरपोच आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा पडताळणे सक्तीचे झाले. रेंज नसलेल्या पाड्यावर आईचा चेहरा जुळला नाही, तर जाब सेविकेने द्यायचा. कामाचा हिशेब कर्मचाऱ्याप्रमाणे चोख आणि मोबदला मात्र ‘मानधन’, हा विरोधाभास कोणत्याच डॅशबोर्डवर उमटत नाही.

मंत्रालयापासून तहसीलपर्यंत हीच दुहेरी हजेरी आहे. टिप्पणी ई-ऑफिसवर चढते आणि साहेबांसाठी तिची प्रिंटही निघते. मग खालच्या लिपिकाला ‘डिजिटल मानसिकते’च्या प्रशिक्षणाला पाठवले जाते. प्रशिक्षणाची खरी गरज प्रिंट मागणाऱ्याला आहे.

कार्यक्षमता मोजायचीच तर गज नव्याने शोधायला नको. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 पासून लागू आहे. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत देण्याचे बंधन त्यात आहे. दाखला मुदतीत मिळाला का, एवढे विचारा. किती फोटो अपलोड झाले, हे नको. आणि यापुढे प्रत्येक नव्या ॲपच्या शासन निर्णयात एक कलम असावे : या ॲपमुळे कोणती नोंदवही, कोणत्या तारखेपासून बंद. हे कलम नसलेला प्रस्ताव वित्त विभागाने मंजुरी न देता परत पाठवावा.