बैठकीचं माप

हा विषय लिहायचा कशाला, असं काहींना वाटेल. आमच्या पिढीत 'परसाकडे' म्हणून तो टाळलाच जायचा. पण सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही विचारा, सकाळची पहिली काळजी कसली? बसायची, आणि बसलं तर उठायची!

खरं तर आपल्या वऱ्हाडाने या विषयाची लाज बाळगायचं कारण नाही. हाती खराटा घेणारे गाडगेबाबा आपल्याकडचेच. २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला नाव त्यांचंच दिलं. २०१५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या एका मुलीने लग्नात दागिन्यांऐवजी तयार शौचालय मागून घेतलं. तिचं सासर आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं. पुढे १२,००० रुपयांच्या अनुदानातून गावोगावी संडास झाले, आणि २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीरही झालं. चांगलंच झालं. पण हे सगळे संडास बांधले गेले ते तरण्या गुडघ्यांसाठी.

म्हणून आता घराघरांत देशी भांडं काढून कमोड बसवतात. आमच्याकडेही सौ.च्या गुडघ्यांसाठी बसवला. चार वर्षांत त्याच्या सीटचा बिजागर तुटला. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा ना गुरुजी, सगळ्यायले बसते." माझं म्हणणं एवढंच, की सगळ्यांना बसणारी सीट नसते. चप्पल आपण पायात घालून पाहतो, मग सीटच अंदाजाने का आणावी?

मापं तीनच घ्यायची. मागच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. भोकांच्या रेषेपासून भांड्याच्या पुढच्या कडेपर्यंतची लांबी. आणि सगळ्यात रुंद जागेची रुंदी. भांडं गोल आहे, लांबट आहे की इंग्रजी डी अक्षरासारखं, हेही पाहावं. सोपा उपाय म्हणजे जुनं वर्तमानपत्र ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची आणि तो कागदच दुकानात न्यायचा. नट खालून हाताला लागतो की वरूनच आवळावा लागतो, तेही बघून ठेवा.

जुना नट आपल्याकडच्या जड पाण्याने क्षार धरून बसतो. थोडं तेल सोडून काही तास थांबावं, हिसडा देऊ नये. नवी सीट बसवताना रबरी वायसर विसरू नये. नट हाताने घट्ट करून वर अगदी थोडा फिरवला की पुरे. जास्त आवळलं तर चिनी मातीचं भांडं तडकतं, आणि शंभरांचं काम हजारांवर जातं.

उंचीचंही तसंच. अपंगांच्या सोयीसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत बैठकीची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर, म्हणजे अठरा-एकोणीस इंच सांगितली आहे. साधा कमोड बहुधा त्याहून दोन-तीन इंच बुटका असतो. उंची वाढवणारी जाड सीट बाजारात मिळते, आणि शेजारच्या भिंतीत एक दांडा पक्का ठोकला की उठताना आधार होतो.

एवढ्याशा सीटचं काय घेऊन बसलात, असं म्हणू नका. हलणारी सीट म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. म्हातारं माणूस एका अंगावर भार देऊन बसतं. सीट सरकली, की तोल गेला. खुब्याचं हाड मोडलं, की चालतं फिरतं माणूस खाटेवर येतं. आणि हे ते माणूस आधी कोणाला सांगत नाही, कारण सुनेला किंवा जावयाला 'संडासातली सीट हलते' असं सांगायला जीभ रेटत नाही.

पुण्या-नागपूरला आणि परदेशात असलेली आमची पोरं, भाचे-पुतणे फोनवर बीपी विचारतात, शुगर विचारतात. गुणी आहेत सगळी. पण लेकरांनो, या दिवाळीला घरी याल तेव्हा न विचारताच एकदा आत जाऊन ती सीट हाताने हलवून पाहा. हलली, तर मिठाईचा डबा नंतर उघडा, आधी टेप काढा.