आपल्याच कंपनीला दिलेली उसनवारी

सांगलीची हळद, तासगांवचा बेदाणा, साताऱ्याकडचें आलें, यांवर अलीकडे गांवोगांव शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. दहा उत्पादक एकत्र आले कीं कंपनी काढतां येते. गोष्ट चांगली. पण हंगामाला माल घ्यायला भांडवल नसतें, बँक दारांत उभी करीत नाहीं. मग संचालक म्हणून निवडलेला आपलाच भाऊ घरच्या पाटल्या गहाण टाकून दोन लाख आणून ओततो. कागद विचारला तर म्हणतो, "आपलीच कंपनी, कागद कशाला?" हळद तोलतांना छटाकेचा हिशेब ठेवणारा माणूस लाखाचा व्यवहार तोंडी करतो, याचें आम्हां शाळामास्तरांना नवल वाटतें.

बंधूंनो, कंपनी हा कायद्याच्या दृष्टीनें निराळा इसम आहे. लंडनांत आरन सॉलोमन नांवाचा एक बूट करणारा होता. त्यानें आपला धंदा आपल्याच कंपनीस विकला व किंमतीपैकीं दहा हजार पौंडांचें तारणखत लिहून घेतलें. कंपनी बुडाली. बिनतारणी धनको ओरडले, धंदा तर याचाच! १८९६ सालीं तिकडच्या सर्वांत वरच्या न्यायसभेनें ठरविलें कीं, कंपनी वेगळी, सॉलोमन वेगळा, त्याचें तारण आधीं. कागद होता म्हणून.

तेव्हां पैसे बँकेमार्फत द्यावे. वीस हजार व त्यावरील कर्ज रोख घेणें आयकराच्या कायद्यानें मना आहे. सभेच्या ठरावांत व्याज व मुदत लिहावी. तारण घेतल्यास तीस दिवसांत कंपनी निबंधकाकडे नोंदवावें. शिवाय हे पैसे दुसऱ्याकडून कर्ज काढून आणलेले नाहींत असें संचालकानें लिहून द्यावें लागतें, नाहींतर ती रक्कम ठेव ठरते व ठेवींचे निर्बंध लागतात. पाटल्या गहाण टाकणाऱ्यानें हें पुन्हां वाचावें. त्याला तें खरेपणानें लिहून देतांच येत नाहीं! मुदत ठरली नसेल तर दिल्या दिवसापासून तीन वर्षांत दावा लावला पाहिजे. दिवाळखोरीची वाट एक कोटीच्या थकबाकीवांचून उघडत नाहीं. दोन लाखवाल्याला दिवाणी कोर्टाचीच पायरी.

पण सॉलोमनच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे. ज्यांची हळद कंपनीनें उधारीवर उचलली ते सभासदही आपलेच. कंपनी डबघाईला आलेली पाहून संचालकानें आपली रक्कम गुपचूप आधीं काढली तर त्यांनीं कोणाच्या तोंडाकडे पहावें? येथें कायदा जागा आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणें प्रकरण सुरू होण्यापूर्वींच्या दोन वर्षांत आंतल्या माणसाला दिलेलें झुकतें माप न्यायाधिकरण परत करावयास लावूं शकतें, आणि धनकोंच्या समितींत अशा संचालकाला मतही नसतें.

आमचें मत असें कीं, संचालकांची उसनवारी दर वार्षिक सभेंत नांवानिशीं वाचून दाखवावी, आणि मालाचे पैसे चुकते झाल्यावरच ती फेडावी असें ठरावांत आधींच घालावें. कारकून इंग्रजी कागद पुढें करील. तो मराठींत करून मागा, मगच सही करा.