सही कोणाची?

आमची मारुती 800 आहे 2004 सालची. मुलं म्हणतात, "बाबा, आता तरी विका." मी विकत नाही, त्याला प्रेमापेक्षा पेन्शनीचं गणित अधिक कारण आहे. गेल्या पावसाळ्यात खड्ड्यातून जाताना पुढून खट् खट् आवाज येऊ लागला, आणि स्टिअरिंग दोन बोटं फिरवलं तरी चाकाला त्याची खबर लागेना. गाडी उचलून चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं. खडखडाट हाताला लागला. टायरॉड एंड गेला होता.

स्टिअरिंगकडून आलेला दांडा चाकाला जिथे जोडतात, तिथे एक छोटा पोलादी गोळा खोबणीत फिरत असतो. त्यावरचं रबर फाटलं की ग्रीस बाहेर, चिखल आत. झिजत झिजत एखाद्या दिवशी गोळा निसटला, तर आपल्या हातात नुसतं वर्तुळ उरतं!

दोन्हीकडचे एंड घरीच बदलायचे ठरवले. गाडी स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालू नये), नट काढला, जोडाच्या कडेवर हातोडीचे सणसणीत ठोके दिले. जुना एंड काढताना फेरे मोजले, सतरा. नवा तेवढ्याच फेऱ्यांनी बसवला. डावीकडे मात्र मागच्या खेपेला एका गॅरेजवाल्याने स्प्लिट पिनेच्या जागी चक्क खिळा वाकवून घातलेला सापडला. मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या.

काम संपवून हात पुसत होतो, तोच सौभाग्यवती चहा घेऊन आली. "अहो, पुडीत ही पिन उरली कशी?"

उजवीकडची पिन घालायचीच राहिली होती. हादऱ्यांनी नट सैल होऊन गळू नये म्हणून असते ती. दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन खंबाटकी घाटातून साताऱ्याला जायचं होतं.

घरी हे काम करूच नये, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो खिळा काही घरी घातलेला नव्हता. बँकेत तीस वर्षं काढली. तिथे एकाने व्हाउचर करायचं, दुसऱ्याने पास करायचं. त्यात अविश्वास नसे. माझ्या बेरजेतल्या चुका मला कधीच दिसल्या नाहीत, नव्या लागलेल्या कारकुनाला झटकन दिसत. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं पासिंग आरटीओ करतं, पण पाच-पाच वर्षांनी. मधल्या काळात आपल्या कामावर दुसरी सही कोणाची? काम घरचं असो वा गॅरेजचं, दुसऱ्या माणसाने वाकून पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये, या मताला मी आलो आहे.

फेरे कितीही मोजले तरी चाकांचा कोन डोळ्यांनी जुळत नाही, म्हणून त्याच संध्याकाळी हळूहळू अलाइनमेंटवाल्याकडे गेलो. तिथला पोरगा खड्ड्यात उतरला, बॅटरी मारून न सांगता सगळं पाहून आला.

"काका, उजवीकडची पिन घातलीये, पण टोकं वळवायची राहिलीत."